गज कोणाचा, कापड कोणाचे?

इस्लामी विद्यापीठातल्या तौलनिक धर्माभ्यासाचा विषय निघाला की वाद दोनच वाटांनी जातो आणि दोन्ही वाटा चिखलात जाऊन रुततात. एक बाजू म्हणते, श्रद्धावंतांनी चालवलेल्या विभागात इतर धर्मांचा अभ्यास होऊन होऊन काय होणार? निकाल आधी लिहिलेला, पुरावे मागाहून गोळा केलेले; पदव्युत्तर पदवी हे नाव, आत प्रचारकांची शिकवणी. दुसरी बाजू लगेच कुराणातली आयत पुढे करते, की माणसांची वेगवेगळी राष्ट्रे आणि कुळे केली ती एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. आणि वर सांगते की धर्मांची तुलना ही विद्या मुळात आमचीच, युरोपला ती आठशे वर्षांनी सुचली. पहिली बाजू अभ्यासकाचा धर्म विचारून थांबते, दुसरी पूर्वजांची नावे घेऊन. विद्यार्थी तिथे दोन वर्षे नेमके काय वाचतो, कोणत्या भाषेतून वाचतो, त्याचा प्रबंध तपासायला कोण बसतो, हे विचारायला मात्र कोणालाच सवड नसते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. श्रद्धेच्या भूमिकेवर उभे राहून दुसऱ्या धर्माचा अभ्यास करता येतो, आणि तो विद्यापीठात मानाने बसावा असा होऊ शकतो. इस्लामी भूमिकाही त्याला अपवाद नाही. अट एकच, पण ती पाळायला महाकठीण: वर्णन आणि निवाडा यांची सरमिसळ होता कामा नये. दुसऱ्याचा धर्म काय सांगतो हे लिहिताना लेखणी त्याच्या शब्दांशी बांधलेली हवी. तो धर्म पटतो की नाही, हे मग स्वतःच्या नावावर, वेगळ्या प्रकरणात, खुशाल लिहावे. जिथे ही अट पाळली जाते तिथे अभ्यासकाची नमाज आड येत नाही. जिथे ती मोडते तिथे अभ्यासकाची नास्तिकताही उपयोगी पडत नाही.

असे विभाग कालपरवाचे नाहीत. इस्लामाबादच्या आणि मलेशियातल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठांत (पहिले 1980 चे, दुसरे 1983 चे) हा विषय ‘उसूलुद्दीन’, म्हणजे धर्माची मूलतत्त्वे, या छत्राखाली शिकवला जात आला आहे. इराणात कुम या मदरशांच्या शहरात धर्म आणि पंथ यांच्या अभ्यासाला वाहिलेले एक अख्खे विद्यापीठ आहे. इंडोनेशियात योग्याकार्ता येथे 1960 च्या सुमारास मुक्ती अली यांनी या विषयाचा विभाग उभा केला. ते कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात शिकून आले होते आणि पुढे देशाचे धर्मव्यवहार मंत्री झाले. पण खरी ग्यानबाची मेख त्या ‘उसूलुद्दीन’ शब्दात आहे. इतिहास किंवा समाजशास्त्र यांच्या शेजारी न बसवता हा विषय धर्मशास्त्राच्या घरात बसवला, की घराचे नियम त्याला लागू होतात. विरोधकांचा आक्षेप इथूनच सुरू होतो, आणि तो पोकळ नाही.

एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा मसुदा मी वाचला होता. हिंदू ईश्वरकल्पनेवरचे प्रकरण चांगले जाडजूड होते. तळटीपा मोजायची मला वाईट खोड आहे, म्हणून मोजत गेलो. संस्कृत ग्रंथाचा मूळ संदर्भ एकही नाही. दोन इंग्रजी पाठ्यपुस्तके, आणि बाकी सगळी मुनाजऱ्याची, म्हणजे धार्मिक वादसभांची, पुस्तके. एका ओळीत ‘अवतार’ शब्द आला आणि त्यापुढे त्याचा अर्थ दिला होता: ‘हुलूल’. बस्स, निवाडा तिथेच उरकला. हुलूल म्हणजे ईश्वराने देहात शिरून तिथे वास करणे. इस्लामी कलामशास्त्रात, म्हणजे ईश्वरविषयक धर्मशास्त्रात, ही पाखंडी कल्पना मानली जाते. 922 साली बगदादमध्ये ज्या हल्लाज या सूफीला देहदंड झाला, त्याच्या माथी हाच ठपका मारला गेला होता. आता अवतार म्हणजे हुलूल असे हिंदू परंपरा म्हणते का? शंकराचार्य गीताभाष्याच्या आरंभी कृष्णाबद्दल लिहितात की तो ‘जणू’ देहधारी, ‘जणू’ जन्मलेला दिसतो; त्या ‘इव’ या दोन अक्षरांवर त्यांचे सगळे वेदान्त तोललेले आहे. रामानुजांना तो ‘जणू’ मान्य नाही. त्यांच्या मते अवताराचा देह खराच, पण प्रकृतीच्या मातीचा नव्हे. या दोघांचे भांडण समजून घेतले असते तर प्रकरण तिप्पट कठीण आणि दहापट वाचनीय झाले असते. विद्यार्थी मठ्ठ नव्हता. त्याला कोणी संस्कृत शिकवले नव्हते, आणि मार्गदर्शकांना त्या एका शब्दात काही खटकले नव्हते.

तेव्हा विरोधकांचे एवढे मान्य करू या: या विभागांत बऱ्याचदा इस्लाम हा मोजायचा गज असतो, मोजले जाणारे कापड कधीच नसतो. इतरांचे ग्रंथ मोजायचे ते ‘तहरीफ’ने, म्हणजे मूळ संदेशात फेरफार झाला या गृहीतकाने. इतरांची माणसे विभागायची ती ‘अहले-किताब’, म्हणजे ईश्वरी ग्रंथ मिळालेले ज्यू-ख्रिस्ती, आणि बाकीचे, अशी. हे शब्द धर्मशास्त्रात रास्त आहेत. पण वर्णनाच्या वहीत ते आले की वाचणाऱ्याच्या नकळत न्यायाधीशाचा झगा घालून येतात.

पण गज आपल्याकडेच ठेवायची ही खोड फक्त त्यांचीच का? ‘धर्मांचे शास्त्र’ ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या माक्स म्युलर यांच्याकडे पाहा. 1870 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्याने देताना त्यांनी ते प्रसिद्ध सूत्र मांडले, की जो एकच धर्म जाणतो तो एकही जाणत नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1868 मध्ये, ब्रिटिश सरकारच्या भारतमंत्र्याला पत्र लिहून ते सांगत होते की भारताचा प्राचीन धर्म आता संपला, आणि त्याची जागा ख्रिस्ती धर्माने घेतली नाही तर तो दोष कोणाचा? पुढे त्यांच्या संपादनाखाली पौर्वात्य धर्मग्रंथांची पन्नास खंडांची माला निघाली. उपनिषदे आली, धम्मपद आले, अवेस्ता आली, कुराण आले. बायबलही पूर्वेतच जन्मले, पण ते त्या मालेत नाही. कारणे काही असोत, गज कपाटात राहिला आणि कापडे टेबलावर आली. धर्म म्हटला की त्याला एक संस्थापक हवा, एक ग्रंथ हवा, मानायची तत्त्वे हवीत, हा साचाही असाच प्रोटेस्टंट घरातून आला आणि ‘सर्वसामान्य’ म्हणून जगभर विकला गेला. मानववंशशास्त्रज्ञ तलाल असद यांनी 1993 मध्ये ‘धर्म’ ही कोटीच कशी युरोपच्या इतिहासात घडत गेली ते उलगडून दाखवले, त्यानंतर तरी तटस्थतेचा दावा करताना जरा जीभ अडखळायला हवी होती.

इथे इस्लामी विभागांचे समर्थक टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, बघा, भूमिका सगळ्यांचीच असते! हा युक्तिवाद आळशी आहे. सगळ्यांना सर्दी होते, म्हणून सर्दी हे आरोग्य होत नाही. म्युलर यांच्या उदाहरणातून निघते ते वेगळेच. ऋग्वेदाची सायणभाष्यासह जी आवृत्ती त्यांनी पाव शतक खपून छापली, ती त्या पत्राच्या पायी कोणी फेकून दिली का? वैदिक पंडितांनीही ती वापरली, कारण पाठ पडताळून पाहता येत होता. हेतू पत्रात होता, काम पानावर होते, आणि पानाची परीक्षा हेतू बाजूला ठेवून करता आली. हीच परीक्षा इस्लामी विद्यापीठातल्या प्रबंधालाही लावा. तीपेक्षा सौम्य नको आणि कठोरही नको.

ती परीक्षा उत्तम रीतीने पास झालेला माणूस हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याचे नाव दोन्ही बाजू घेतात, पण वाचत कोणी नाही. अबू रैहान अल-बिरुनी, जन्म 973, मध्य आशियातल्या ख्वारिझमचा. गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्यांच्या धुळीत तो हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, पतंजलीचा योगग्रंथ त्याने अरबीत नेला आणि 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावरचा ग्रंथ लिहिला. प्रस्तावनेतच तो सांगतो की हे वादाचे पुस्तक नाही. हिंदूंचे म्हणणे मी जसेच्या तसे मांडणार, मग ते माझ्या धर्माला न पटणारे का असेना. तो श्रद्धावान मुसलमान आहे आणि ते लपवत नाही. हिंदूंच्या गर्विष्ठपणावर तो चांगले कोरडेही ओढतो. पण मूर्तिपूजेचे प्रकरण तो कसे सुरू करतो ते पाहा. सामान्य माणसाला अमूर्त कळत नाही, त्याला डोळ्यांना दिसेल असे काही हवे असते, असे सांगून तो उदाहरण देतो ते स्वतःच्या घरचे. पैगंबरांचे किंवा मक्केचे, काबाचे चित्र काढून एखाद्या अशिक्षित मुसलमान बाईला वा पुरुषाला दाखवा. तो ते चित्र चुंबील, त्यावर गाल घाशील, त्यापुढे धुळीत लोळेल. मग तो हिंदू मूर्तींकडे वळतो, मुलतानच्या सूर्यमूर्तीचे वर्णन करतो, मूर्ती कशा घडवाव्यात याचे वराहमिहिराचे नियम देतो. आणि आवर्जून सांगतो की हे सारे अडाण्यांसाठी आहे; त्यांच्यातले जाणते एका निराकार ईश्वराखेरीज कोणाला भजत नाहीत.

या एका उताऱ्यात गज आणि कापड यांची अदलाबदल झाली आहे. मूर्तिपूजा हा इस्लामच्या दृष्टीने सर्वांत मोठा अपराध, आणि त्याचे मूळ समजावताना हा माणूस आपल्याच लोकांचे चित्र काढतो. त्यामुळे त्याची श्रद्धा कुठे ढिली झाली? उलट श्रद्धा होती म्हणूनच मूर्तीचा प्रश्न त्याला इतका टोचला. ज्याला कुठल्याच देवाचे काही वाटत नाही, त्याला हा प्रश्न इतक्या खोलवर पडला असता का, मला शंका आहे. अर्थात बिरुनी एकच झाला. बाराव्या शतकात शहरस्तानीने प्रत्येक पंथाचे मत त्यांच्याच ग्रंथांतून, पक्षपात न करता देईन अशी अट स्वतःला घालून घेतली, पण हिंदुस्थानापाशी पोचेपर्यंत त्याच्या हाती ऐकीव माहितीच उरली आणि त्याने बुद्धाची तुलना इस्लामी परंपरेतल्या खिज्र या गूढ सत्पुरुषाशी करून टाकली. त्याच्या आधीचा, स्पेनमधल्या कोर्डोव्याचा इब्न हज्म तर सरळ हमरीतुमरीवर येणारा. पण तोरात या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या संख्यांची बेरीज जुळत नाही हे दाखवण्यासाठी त्याला ती ओळन् ओळ वाचावी लागली, हेही खरे.

वादासाठी वाचणाऱ्याचे हे गौडबंगाल आपल्याला अनोळखी नाही. 1854 मध्ये आग्र्याला रहमतुल्ला कैरानवी आणि मिशनरी फांडर यांची जाहीर वादसभा झाली. कैरानवींच्या बाजूने युरोपातल्याच बायबल-समीक्षेचे ग्रंथ काढून बायबलच्या पाठांतल्या विसंगती मांडण्यात आल्या, आणि फांडर गडबडले. तीन वर्षांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी असेच जाहीर वाद घालत होते. दोन्हीकडे समोरच्याच्या ग्रंथाचे कसून वाचन झाले, आणि दोन्हीकडे ते वाचन फक्त भेगा शोधत होते. भिंतीतल्या भेगा मोजणाऱ्याला त्या घरात माणसे कशी राहतात हे कळत नाही. मुनाजऱ्याचा वारसा मी तुच्छ मानत नाही. मिशनरी अंगावर आले होते तेव्हा ती ढाल होती. पण ढालीला पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणता येत नाही, आणि आजही अनेक विभागांची पुस्तकांची यादी तिच्यापाशीच अडली आहे.

मग द्वेषाऐवजी प्रेमाने वाचले तर? इथे दारा शुकोहचे नाव हटकून येते. त्याच्याबद्दल वाईट बोलणे अवघड आहे; 1657 मध्ये त्याने पंडितांना बसवून पन्नासेक उपनिषदे फारसीत आणली, दोनच वर्षांत त्याचा शिरच्छेद झाला, आणि त्या फारसीवरून झालेले लॅटिन भाषांतर जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरच्या उशाशी राहिले. तरीही तुलनाकार म्हणून मला दारापेक्षा बिरुनी मोठा वाटतो. दाराने ब्रह्मा, विष्णू, महेश यांना जिब्राईल, मिकाईल, इस्राफील या फरिश्त्यांच्या जागी नेऊन बसवले आणि कुराणातला ‘गुप्त ग्रंथ’ म्हणजे उपनिषदेच असे ठरवले. मिठी इतकी घट्ट की समोरच्याचा चेहराच दिसेना. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ज्याने ते आधीच ठरवले त्याला वाचायचे तरी काय उरते? अवताराचा हुलूल करणारा आणि महेशाचा इस्राफील करणारा, दोघांनीही शब्दकोशात एकच लबाडी केली. एकाने रागाने, दुसऱ्याने लोभाने.

निवाडा कोणी करावा, यावर एक जुने उत्तर आहे. मुक्ती अली ज्या मॅकगिलमध्ये शिकले तिथली इस्लामी अभ्यास संस्था 1952 मध्ये स्थापन करणारे विल्फ्रेड कँटवेल स्मिथ (ऐन उमेदीची काही वर्षे त्यांनी लाहोरात शिकवण्यात घालवली होती) यांनी 1959 मध्ये नियम सांगितला: एखाद्या धर्माविषयीचे विधान त्या धर्माच्या अनुयायांना ओळखीचे वाटले नाही तर ते ग्राह्य नाही. वर्णनापुरता हा नियम सोन्यासारखा. निवाड्याला लावला तर घातक. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण संयोजकांना रुचले नाही म्हणून रद्द केले, आणि त्यांनी ते स्वतः छापले. संयोजकांना रुचले नाही म्हणून ते विश्लेषण चुकीचे ठरले का? शिवाय अनुयायी म्हणजे कोण? वर शंकर आणि रामानुज यांचेच पटले नव्हते. इस्माईल राजी अल-फारुकी यांनी नेमका हाच मुद्दा धरला. हे याफ्फात जन्मलेले पॅलेस्टिनी अभ्यासक मॅकगिलच्याच ख्रिस्ती धर्मशास्त्र विद्याशाखेत जाऊन बसले आणि 1967 मध्ये त्यांनी ख्रिस्ती नीतिशास्त्रावर पुस्तक काढले. त्यांचे म्हणणे, स्वतःची मते तात्पुरती बाजूला ठेवणे ही फक्त पहिली पायरी. पुढे मूल्यमापन हवेच, आणि त्यासाठी सर्व धर्मांच्या वरची, सर्वांना मान्य होतील अशी तत्त्वे हवीत. प्रश्न अचूक. उत्तर मात्र फसले, कारण त्यांची ती सर्वांच्या वरची तत्त्वे जवळून पाहिली की इस्लामसारखीच दिसू लागतात. पण त्यांनी निवाडा उघडपणे, निवाडा म्हणूनच केला, त्यामुळे आपल्याला तो खोडता येतो. छुप्या निवाड्याशी भांडताच येत नाही.

उलट्या दिशेचा प्रवासही झाला आहे. हंगेरीचा ज्यू अभ्यासक इग्नात्स गोल्डझिहर 1873-74 मध्ये कैरोच्या अल-अझहरमध्ये जाऊन उलेमांपाशी शिकला, जुम्म्याच्या नमाजात उभा राहिला, आणि शेवटपर्यंत ज्यूच राहिला. पुढे हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या परंपरेने आलेल्या नोंदींच्या, विश्वासार्हतेवर त्याने जे लिहिले त्याने मुस्लिम जग हादरले. त्याला आणि हदीसवर तसाच संशय घेणाऱ्या जोसेफ शाख्टला उत्तर देणाऱ्यांत मुस्तफा आझमी होते: देवबंद आणि अल-अझहरमध्ये शिकलेले, सश्रद्ध, आणि 1966 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवलेले. आरंभीच्या लिखित हदीस-संग्रहांचे पुरावे मांडून त्यांनी वाद घातला. तो वाद अजून संपलेला नाही. पण ज्यूने घेतलेला आक्षेप आणि मुसलमानाने दिलेले उत्तर दोन्ही एकाच टेबलावर, हस्तलिखितांच्या भाषेत तपासता येतात. श्रद्धा माणसाला उत्तरे देते तशी प्रश्नांची चिकाटीही देते. आझमींना तो प्रश्न सोडून देणे जमलेच नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. अशा विभागातला विद्यार्थी उलट निष्कर्षाला पोचला तर? 1995 मध्ये कैरोतल्या न्यायालयाने प्राध्यापक नस्र हामिद अबू झैद यांना त्यांच्या लेखनावरून धर्मत्यागी ठरवले, त्यांचा विवाह रद्दबातल केला, आणि त्यांना बायकोसह नेदरलँड्सला निघून जावे लागले. ते तर साध्या सरकारी विद्यापीठात अरबी शिकवत होते. यावर ‘चर्चनेही हेच केले’ म्हणून बोट दाखवता येईल: स्कॉटलंडमध्ये रॉबर्टसन स्मिथ यांची बायबलवरच्या लेखांमुळे 1881 मध्ये खुर्ची गेली, हान्स क्युंग यांचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा परवाना 1979 मध्ये काढून घेतला गेला. पण स्मिथ यांना केंब्रिजने जागा दिली आणि क्युंग त्याच ट्युबिंगेन विद्यापीठात दुसऱ्या खुर्चीवर शिकवत राहिले. अबू झैद यांना देश सोडावा लागला. हा फरक बोलून पुसता येणार नाही, आणि समर्थकांनी तो पुसायचा प्रयत्नही करू नये. मी एवढेच म्हणेन की हा दोष शिकवण्याच्या भूमिकेत नसून विभागाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या सत्तेत आहे. आणि विभाग बंद केल्याने ती सत्ता तसूभरही हलत नाही.

दाराच्या आत करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि त्याला ना क्रांती लागते ना फतवा. ज्या धर्मावर प्रबंध त्या धर्माची एक मूळ भाषा सक्तीची करा: संस्कृत, पाली, हिब्रू, ग्रीक, काहीही. वर्णनाचे प्रकरण त्या धर्माच्या जाणत्या माणसाकडे तपासायला पाठवा. निवाड्याचे पाठवू नका, तो विद्यार्थ्याचा हक्क आहे. आणि इतरांनी इस्लामवर केलेला अभ्यास अभ्यासक्रमात उत्तराच्या पुस्तकांतून न आणता मुळातून आणा. हे सगळे खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, दोन वर्षांत बसणार नाही, हे मला कळते. पण निदान एक गोष्ट फुकट आहे. बिरुनी बौद्धांपाशी आला तेव्हा त्याने सरळ लिहून ठेवले, की मला त्यांचा ग्रंथ मिळाला नाही, त्यांच्यातला कोणी जाणकारही भेटला नाही. म्हणून हे मी इरानशहरी या आधीच्या लेखकाच्या भरवशावर लिहितो आहे, आणि त्याची माहितीही नीट पारखलेली दिसत नाही. त्या मसुद्याच्या समासात, अवतार आणि हुलूल यांच्यामध्ये, मी पेन्सिलीने बिरुनीचे तेवढे वाक्य उतरवून विद्यार्थ्याला परत दिले.